जालन्याचा कागद

हिंगोलीत स्टेशनकडून गावात येताना कापसाचं जिन लागायचं, आणि जिनाच्या भिंतीला लागून आमचा दवाखाना. सरकारी नव्हे, धर्मादाय. दारावर संगमरवरी पाटी होती, तीन लिपींत. वर उर्दू, मध्ये मराठी, खाली इंग्रजी. तिन्हींत एकच मजकूर: हा दवाखाना सर्व जातिधर्मांच्या रुग्णांसाठी खुला आहे. त्याखाली देणगीदार शेठजींचं नाव इतक्या मोठ्या अक्षरांत कोरलेलं की, घाईत आलेल्या माणसाला इथे शेठजींच्याच दुखण्यावर इलाज होतो असं वाटावं.

मी तिथे मुन्शी होतो. रियासतीत कागदाची भाषा उर्दू, माणसांची मराठी, आणि डॉक्टर हैदराबाद शहरातले, त्यांना मराठी म्हणजे ‘कसं काय’ आणि ‘बरं आहे’ एवढीच यायची. तेव्हा आलेल्या माणसाला मराठीत विचारायचं आणि रजिस्टरात उर्दूत उतरवायचं, हे माझं काम. रजिस्टरात सहा खाने होते: नाव, उमर, कौम म्हणजे जात, पेशा, गाव, आणि शेवटी कैफियत. पहिल्या पाच खान्यांना ऐसपैस जागा होती. कैफियतीचा खाना दोन बोटं रुंद. ज्यानं ते रजिस्टर आखलं त्याचा अंदाज बहुधा असा असावा की, माणसाकडे स्वतःबद्दल सांगण्यासारखं मुख्यतः कौम आणि पेशा एवढंच असतं.

मी हट्टा गावचा. मदरशात उर्दू शिकलो, मौलवीसाहेबांकडे थोडी फारसी, आणि स्टेशनमास्तरांकडून जुन्या इंग्रजी कादंबऱ्या आणून त्यांवर इंग्रजी पक्की केली. मराठी घरचीच. चार भाषा येणारा माणूस त्या काळी हिंगोलीत फार नव्हता, आणि ही गोष्ट मी कुणाच्या नजरेतून सुटू देत नसे.

माझी नात सध्या समाजकार्याचं शिकते. मोठ्या इस्पितळांत अशी माणसं नेमतात म्हणे. रुग्णाचं घर, त्याची रीतभात, त्याच्या मनातली भीती समजून घ्यायची आणि डॉक्टरांना समजावून सांगायची. तिच्या पुस्तकात यावर एक अख्खं प्रकरण आहे. मी वाचलं. चांगलं आहे, जरा भारदस्त आहे. आमच्याकडे असा हुद्दा नव्हता. ते काम एक मणियारीण करायची, बांगड्या विकता विकता, आणि तेही आम्ही तिला दोनदा हाकलून दिल्यावर.

महायुद्ध सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. माघ महिना होता, कारण आसपासच्या शिवारात हळद शिजत होती आणि त्या ओल्या, मातकट वासानं सगळं गाव भरलेलं असायचं. अजून कुठे हळद शिजताना तो वास आला की मला आधी दवाखान्याचा व्हरांडा दिसतो, मग बाकीचं आठवतं. व्हरांड्यात टांगलेला पाण्याचा माठ, औषधाच्या बाटल्या घेऊन ओळीनं उकिडवी बसलेली माणसं, आणि जिनातून उडून आलेला कापूस सगळ्यांच्या डोक्यावर सारखाच.

डोंगरकड्याच्या पलीकडच्या एका तांड्यावरून एक लमाण आपल्या बायकोला बैलगाडीत घालून घेऊन आला. बाई विशीची असेल. बाळंत होऊन बारा दिवस झाले होते आणि ताप असा की गाडीतल्या गवताला हात लावला तरी गरम लागावं. पदराखाली तान्हं लेकरू. नवऱ्याला मोडकीतोडकी मराठी येत होती. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, तापातलं दूध लेकराला नको. मी नवऱ्याला विचारलं, ‘‘तांड्यावर पाजणारं कोनी हाय का?’’

‘‘व्हय, भावजय हाय. तिचं पन लेकरू तान्हं हाय.’’

‘‘मग लेकराला घेऊन जा. बायको बरी झाली की निरोप धाडतो.’’

तो मुकाट्यानं लेकरू घेऊन निघाला. बाई तेव्हा शुद्धीत नव्हती. तिला कुणी काही सांगितलं नाही. सांगायला कोण होतं? आम्ही रजिस्टर भरलं. कौमच्या खान्यात ‘लंबाडा’, कैफियतीत ‘बुखार’.

आता त्या आठवड्याचं विशेष म्हणजे शेठजींनी बायकांसाठी नवी खोली बांधली होती आणि तिचं उद्घाटन करायला खुद्द अव्वल तालुकदार, म्हणजे जिल्ह्याचे कलेक्टर, यायचे होते. दवाखान्यात आठ दिवस नुसता चुना लागत होता. झाडांच्या बुंध्यांनासुद्धा चुना लावला. शेठजींचा हुकूम होता की जनाना खोलीत सगळं पांढरं दिसलं पाहिजे: भिंती, चादरी, आणि रुग्णसुद्धा. नर्सबाई शिस्तीच्या. त्यांनी त्या लमाण बाईला उद्घाटनाआधीच नव्या खोलीत ठेवलं, तिचा आरशांचा, कवड्यांचा घागरा उतरवला आणि दवाखान्याचं पांढरं लुगडं नेसवलं. हाताला साबण लावून दंडावरच्या हाडाच्या बांगड्या एकेक करून ओढून काढल्या. कानशिलावर केसांत गुंफलेले चांदीचे झुबके सोडवले. सगळ्याचं गाठोडं बांधलं. त्यावर चिठ्ठी मी लिहिली, सुंदर नस्तालिक अक्षरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईला शुद्ध आली आणि दवाखान्यात कधी ऐकली नव्हती अशी किंकाळी ऐकू आली. ती उठून बसली होती. रिकाम्या दंडांवरून हात फिरवत होती, कानशिलं चाचपत होती आणि ओरडत होती. नर्सबाई तिला आडवं करायला गेल्या तर त्यांच्या मनगटाला चावली. दूध दिलं, भिंतीवर फेकलं. नव्या चुन्यावर. छातीला हात तर कुणाला लावूच देईना, दोन्ही हात घट्ट आवळून बसलेली. आणि तोंडानं एकच चाललेलं, ‘‘याडी! याडी ये! याडी!’’

डॉक्टरांनी मला दाराशी बोलावलं. ‘‘क्या कह रही है, मुन्शीजी?’’

मी कान देऊन ऐकलं. एवढं सोपं भाषांतर मला आयुष्यात कधी आलं नव्हतं. आमच्या भागात वेड लागलं म्हणायचं तर ‘याड लागलं’ म्हणतात. याडी म्हणजे वेडी.

‘‘साहब, कह रही है, दीवानी. मैं दीवानी.’’

‘‘खुद कह रही है?’’

‘‘बार-बार यही कह रही है.’’

डॉक्टर भले माणूस होते. थकलेले असायचे आणि शेरोशायरीचा शौक होता. त्यांनी सुस्कारा टाकला. ‘‘मरीज खुद ही तशखीस कर दे, तो डॉक्टर का काम आसान हो जाता है.’’ तशखीस म्हणजे रोगाचं निदान.

वेड्यांना तेव्हा जालन्याच्या इस्पितळात पाठवत. त्यासाठी एक कागद करावा लागे आणि त्यावर तालुकदारांची सही. एरवी त्या सहीला महिना लागला असता. पण आता साहेबच येणार होते. डॉक्टरांनी मजकूर सांगितला, मी लिहिला. त्यात माझं वाक्य होतं: मरीजा खुद अपने आप को दीवानी कहती है. सही झाली की शिपायाबरोबर गाडीनं पूर्णा, तिथून जालना. तिथून तांड्यावर कोण कधी परत आलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. मी विचारही केला नाही. कागद सुवाच्य झाला होता.

उद्घाटनाला तीन दिवस उरले असताना मणियारीण आली. पासष्टीची मुसलमान म्हातारी, डोक्यावर बांगड्यांची टोपली, तोंडात पान. सगळे तिला खाला म्हणत, हिंदूसुद्धा. चाळीस वर्षं ती गावोगाव आणि तांड्यातांड्यांवर फिरत होती. दवाखान्यात बांगडीवालीला मज्जाव होता, आम्ही तिला दोनदा हाकलूनही दिलं होतं, पण ती म्हणायची, बायका जिथं तिथं माझं दुकान. नर्सबाई दार लावेपर्यंत ती आत पोचलेली असायची.

मी व्हरांड्यात लिहीत होतो. आतून तिचा आवाज आला. ‘‘अल्ला! इसका मरद कब मरा?’’

‘‘कुणाचा?’’ नर्सबाई.

‘‘इसका! दंड नंगे, बाल नंगे. ऊपर से सफेद लुगडा.’’

नर्सबाईंनी सांगितलं, ते नियमाप्रमाणे काढलंय, स्वच्छतेसाठी.

खाला बाहेर आली ती थेट माझ्या टेबलाशी. टोपली रजिस्टरावर ठेवली. ‘‘क्यों रे मुन्शी, लमाणणीच्या दंडावरचे चुडे कवा निघतेत, ठावं हाय तुला?’’

‘‘नाही.’’

‘‘नवरा मेल्यावर. येक डाव निघाले की पुन्हा चढत न्हाईत. तुमी तिला नवरा जिता असताना रांड केली. शुद्धीवर आली तर नवरा मेला, लेकरू न्हाई, अन् अंगावर कफनासारखं धडुतं. मंग वरडंल न्हाई तर काय गानं म्हनंल?’’

मी म्हटलं, ‘‘खाला, ती वेडी आहे. स्वतःच म्हणते, याडी.’’

खालाच्या तोंडातलं पान थांबलं. मग ती अशी हसली की व्हरांड्यातल्या बाटल्यावाल्यांनी माना वळवल्या. हसता हसता एकदम थांबली.

‘‘याडी म्हंजे आई, बाबा. लमाणी बोलीत. लेकरू आईला हाका मारून राहिलं. तू काय लिवलं कागदावर?’’

मी काय लिहिलं ते सांगितलं नाही. तिनं माझ्या तोंडाकडे पाहून वाचलं असावं. तिला दुसरी कुठली लिपी येत नव्हती. ‘‘चार चार जबाना शिकलास म्हनं,’’ ती म्हणाली, ‘‘पाचवीनं मेला बघ.’’

नर्सबाई खालाशी भांडल्या, पण मनगटावरच्या दातांच्या खुणांकडे एकदा बघून त्यांनी गाठोडं आणून दिलं. खालानं तेल मागितलं. मी दाराबाहेर उभा होतो. पडद्याखालून फक्त तिचे भेगाळलेले पाय दिसत होते आणि बोलणं ऐकू येत होतं, थोडं लमाणी, थोडं दखनी. ‘‘हात ढीला छोड, बेटी. सूजन है. हौ, हौ. ये एक. ये दो.’’ मी बांगड्या मोजत नव्हतो, तरी तिनं मोठ्यानं म्हटलेला प्रत्येक आकडा मला आठवतो. शेवटी तिनं त्या बाईला सांगितलं की नवरा जिवंत आहे, लेकरू त्याच्या भावजयीकडे पितंय. बाई गप्प झाली. दूध प्याली. ताप मात्र तसाच होता, आणि छातीवरचे हात तिनं सोडले नव्हते.

मी डॉक्टरांकडे गेलो. माझी चूक उर्दूत सांगायला फार वेळ लागला, कारण त्या भाषेत चूक कबूल करण्याचे नम्र प्रकार पुष्कळ आहेत आणि मी सगळे वापरले. डॉक्टरांनी ऐकून घेतलं.

‘‘एक लफ्ज बदल गया, मुन्शीजी. मर्ज तो नहीं बदला. चौथा दिन है, बुखार उतरता नहीं, किसी को हाथ लगाने नहीं देती, बहकी-बहकी बातें करती है. तालुकदारसाहब फिर छह महीने नहीं आएँगे. मैं क्या करूँ?’’

हा प्रश्न त्यांनी मला विचारला नव्हता, पण मी जाऊन तो खालाला विचारला. ती म्हणाली, ‘‘काय करू म्हंजे? आईला हाका मारती, तर आईला आना.’’

इतकं साधं उत्तर मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाजार होता. खालानं बाजारात बैल विकायला आलेला एक लमाण गाठला, त्यानं दुसऱ्याला सांगितलं, आणि तो निरोप कुठल्या डोंगरातून कसा गेला देव जाणे. आई तर वेगळ्याच तांड्यावर होती. आमच्या टपालाला त्या तांड्याचं नाव माहीत नव्हतं.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. दारात आंब्याची पानं, अंगणात मांडव, खुर्च्या शाळेतून आणलेल्या. शेठजींनी शेरवानी शिवून घेतली होती आणि ती मानेला इतकी घट्ट होती की ते दिवसभर सगळ्यांशी अदबीनंच वागले, वाकता येत नव्हतं म्हणून नुसत्या हातानं सलाम करत. तालुकदारसाहेब आले. हार झाले. माझ्याकडे सह्यांच्या कागदांची लाल फाईल होती; त्यात जालन्याचा कागद तिसरा. मी तो आदल्या दिवशी तळाशी सरकवला होता. डॉक्टरांनी तो परत जागेवर ठेवला होता. त्यांचाही इलाज नव्हता, हे मला दिसत होतं.

साहेबांचं भाषण उंची उर्दूत सुरू झालं. खल्क-ए-खुदाची खिदमत, म्हणजे ईश्वराच्या लेकरांची सेवा, या विषयावर. समोर बसलेल्या ईश्वराच्या लेकरांना त्यातलं अवाक्षर कळत नव्हतं. ती योग्य जागी टाळ्या वाजवायची, कारण शेठजींचा कारकून आधी वाजवायचा.

तेवढ्यात मागच्या फाटकातून घुंगरांचा आवाज आला. चार-पाच लमाण बायका भराभरा चालत जनाना खोलीकडे गेल्या. पुढे एक वाळकी, उंच म्हातारी. त्या पडद्याआड गेल्या. आणि मग आतून आवाज उठला.

ते रडणं होतं, पण त्याला चाल होती. एक आवाज उंच चढायचा, शेवटचा शब्द ताणून धरायचा, दुसरा त्याला खालून उचलायचा. रडता रडता शब्द, शब्दांनंतर हुंदका, आणि हुंदकाही बरोबर ठेक्यावर. अंगणातलं भाषण थांबलं. साहेबांनी शेठजींकडे पाहिलं. ‘‘ये क्या है?’’

शेठजी व्यापारी होते. त्यांचा एक क्षणही वाया जात नसे. ‘‘हुजूर, तांडे की औरतें हैं. हुजूर की आमद पर इस्तकबाल का गीत गा रही हैं.’’

‘‘बहुत दर्द है इनकी आवाज में,’’ साहेब म्हणाले आणि खूश झाले. मग त्या स्वागतगीताच्या साथीवर भाषण पुढे चालू झालं. मी पुष्कळ समारंभ पाहिले, पण इतका यशस्वी दुसरा पाहिला नाही.

डॉक्टर मात्र खुर्चीतून उठले आणि मला खुणावून मागे निघाले. त्यांचा चेहरा उतरला होता. ‘‘अब सब की सब दीवानी हो गईं,’’ ते पुटपुटले.

जनाना खोलीच्या पडद्याशी खाला उभी होती. तिनं आम्हाला अडवलं. डॉक्टरांशी ती दखनीत बोलली, मी ते मराठीत देतो. ‘‘आत नक्को. ते रोना न्हाई, साहेब, बोलना हाय. मायलेकी लई दिसांनी भेटल्या की अश्याच गळ्यात पडून बोलतेत. दुःख साध्या बोलीत सांगत न्हाईत त्या. ऐका.’’

‘‘क्या कह रही है?’’ डॉक्टरांनी विचारलं, आणि या वेळी माझ्याकडे पाहिलं नाही.

खालानं डोळे मिटून घेतले आणि आवाज पडेल तसतसं सांगू लागली. मध्ये थांबायची, एखादी ओळ हातातून निसटली की ‘ये नहीं समझा’ म्हणून सोडून द्यायची. मला ते जमलं नसतं. मला न समजलेलं मी नेहमी समजल्यासारखंच लिहिलं होतं.

‘‘म्हनती, आई गं, मला धवळ्या भिंतीच्या घरात ठिवलं, तिथं मानूस मानसाशी बोलत न्हाई... म्हनती, माझे चुडे काढले, नवरा कवा मेला कोनी सांगितलं न्हाई... लेकरू नेलं, पुरलं का कुठं टाकलं कोनी सांगितलं न्हाई. आता म्हनतेत जित्तं हाय. म्हननाऱ्याचा काय भरवसा, आई... ये नहीं समझा... म्हनती, येक काळ्या टोपीचा मानूस दारात येतो. नाव इचारतो, गाव इचारतो, जात इचारतो. सगळं इचारतो अन् जातो.’’

काळी टोपी माझ्या डोक्यावर होती. मी ती काढावी की ठेवावी हे मला ठरवता येईना.

आतला आवाज आणखी चढला. खाला म्हणाली, ‘‘म्हनती, लेकरू नेलं अन् माझी छाती दगुड झाली. दगडाला आग लागली, आई, ती इझत न्हाई.’’

मी मनात म्हटलं, काय सुंदर उपमा आहे. खरंच म्हटलं. मला लाज वाटते, पण त्या क्षणी मी ती ओळ टिपून ठेवण्याच्या विचारात होतो. डॉक्टरांना शायरीचा शौक माझ्यापेक्षा मोठा. पण ते एकदम म्हणाले, ‘‘ठहरो. पूछो, कौनसी तरफ?’’

खालानं पडद्यातून मान घातली आणि विचारलं. आत गाणं तुटलं. म्हातारीचा आवाज, मग नर्सबाईंचा. मग नर्सबाई बाहेर आल्या. त्यांच्या तोंडावरची शिस्त गेली होती.

‘‘डावीकडे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आईनं दाखवलं. दूध साकळून गळू झालंय, साहेब. केवढं तरी. मला हातच लावू दिला नव्हता हो तिनं.’’

मी ते उर्दूत सांगितलं. डॉक्टर भिंतीला टेकून उभे राहिले. मला वाटलं ते नर्सबाईंना रागावतील, पण ते उर्दूत स्वतःशीच बोलले, हळू. बच्चा मैंने भिजवाया था. बाकी मी जोडून घेतलं. तापातलं दूध नको म्हणून लेकरू आम्ही काढून घेतलं. पिणारं लेकरू गेलं म्हणून दूध साकळलं. दूध साकळलं म्हणून ताप उतरेना. ताप उतरेना म्हणून ती वेडी. एवढी सरळ रांग होती आणि रांगेच्या दोन्ही टोकांना आम्हीच उभे होतो.

ते आत गेले, या वेळी खालाला विचारून. म्हातारीनं लेकीचं डोकं मांडीवर घेतलं, खालानं हात धरले, नर्सबाईंनी पाणी उकळून आणलं. गळू फोडताना ती पुन्हा ओरडली, आणि पुन्हा तोच शब्द. पण आता हाकेला तिथल्या तिथे ओ मिळत होती.

मी अंगणात परतलो तोवर सह्या झाल्या होत्या. साहेबांनी टेबलावर राहिलेली लाल फाईल स्वतःच पुढे ओढून घेतली होती आणि प्रत्येक कागदावर न वाचता सही केली होती. जालन्याच्या कागदावरही. सही मोठी देखणी होती. ते मोटारीत बसून गेले, जाताना शेठजींना म्हणाले की त्या गाणाऱ्या बायकांना काही मिठाई द्या.

संध्याकाळी डॉक्टर हात धुऊन बाहेर आले. मी कागद पुढे केला. सही झालेला कागद म्हणजे रियासतीत घडून गेलेली गोष्ट; ती मागे घ्यायची तर दुसरी सही, त्यासाठी दुसरा कागद, आणि त्यात कारण. कारण म्हणजे मी. डॉक्टरांनी सही पाहिली.

‘‘मुन्शीजी, ये तहसील को भेजना है ना?’’

‘‘जी. कल.’’

‘‘आप भूल जाइए.’’

मी आयुष्यात एकही कागद विसरलो नव्हतो. हा जमेल की नाही याची मला धास्ती होती, पण जमला.

दोन दिवसांत ताप उतरला. त्या दोन दिवसांत मी रजिस्टर उघडलं आणि तिच्या नावापुढचा दोन बोटांचा खाना पाहिला. त्यात ‘बुखार’ लिहिलेलं. मी खालाला बोलावलं, बसायला खुर्ची दिली, आणि तिनं ऐकलेलं सगळं पुन्हा सांगायला लावलं. एक वेगळं पान घेऊन ते मराठीत लिहिलं, कारण उर्दूत लिहिलं की ते फार चांगलं वाटायला लागायचं. ते पान रजिस्टराला चिकटवलं. डॉक्टरांनी ते पाहिलं. पुढच्या रुग्णाच्या वेळी त्यांनी नाव-गावाच्या आधी स्वतःच विचारलं, ‘‘तुमचं काय म्हणणं आहे?’’ हे मराठी वाक्य ते माझ्याकडून पाठ करून गेले होते. शेवटपर्यंत त्यांना ‘ळ’ म्हणता आला नाही, सुदैवानं त्या वाक्यात तो नव्हता.

पुढे अठ्ठेचाळीस साली रियासत गेली, रजिस्टरं मराठीत आली, डॉक्टर हैदराबादला परतले, आणि मला कुणी विचारलं तर मी त्या दिवसांत फार मोठं काही घडल्याचं सांगतो, जसं सगळेच सांगतात. पण हळदीच्या वासाबरोबर आठवतो तो गळू फोडल्यानंतरच्या पाचव्या दिवसाचा दुपारचा प्रहर.

नवरा लेकरू घेऊन आला होता. भावजयही बरोबर आली होती, न जाणो म्हणून. कारण लेकराला आता भावजयीच्या अंगाची सवय झाली होती, आणि आईचं दूध उजवीकडे उरलं होतं की आटलं होतं, कुणी सांगू शकत नव्हतं. नवरा व्हरांड्याच्या पायरीवर बसला, पागोटं हातात घेऊन. मी त्याच्या शेजारी बसलो. मुन्शी पायरीवर बसत नसतो, पण त्या दिवशी माझ्या ते लक्षात आलं नाही.

आत पडदा ओढलेला. लेकरू रडत होतं. खालाचा आवाज, म्हातारीचा आवाज, नर्सबाईंचा दबका आवाज, ‘‘असं नाही, जरा उचलून धर.’’ लेकरू आणखी रडलं. मग तोंड फिरवलं असावं, कारण सगळ्या जणी एकदम ‘अगं’ म्हणाल्या. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मला त्याच्या भाषेतला एकच शब्द येत होता आणि तो इथे उपयोगाचा नव्हता.

डॉक्टर बाहेरच्या खोलीतून आले. हातात कुणाची तरी औषधाची बाटली होती, ती घेऊनच आले. पडद्यापाशी थांबले. आत एकाएकी शांत झालं होतं.

‘‘लिया?’’ त्यांनी विचारलं.

आतून फक्त लेकराच्या चोखण्याचा बारीक आवाज येत होता. आत पाच बायका होत्या, आणि पाचही जणी बघत होत्या.